टी-३४-८५ चं १/३५ किट: जोडून झालं, पण खेळणं वाटतंय. पैसे कशावर घालू?

सुटेभाग

नमस्कार मंडळी. टी-३४-८५ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ प्रमाणाचं प्लास्टिक किट हातात घेतलंय. हल (खालचं धड) आणि टरेट (वरचा फिरणारा, तोफेचा भाग) जोडून झालेत, चाकं सुटीच ठेवली आहेत, रंगाला अजून हात लावलेला नाही. भाग छान बसले, फटी जवळपास नाहीतच. तरीपण टेबलावर ठेवून लांबून बघितलं की रणगाडा वाटतच नाही. टरेट साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, फेंडर (चाकांवरचे पत्रे) जाडजूड, आणि किटमधले रबरी ट्रॅक (साखळीपट्टे) चाकांवरून अगदी सरळ रेषेत ताणलेले.

मला एप्रिल १९४५ चं बर्लिन दाखवायचंय. टरेटभोवती पांढरा पट्टा, खालचा भाग चिखलाने माखलेला, असं डोक्यात आहे. पितळी फोटो-एचचा (पातळ पत्र्यातून कोरून काढलेल्या बारीक भागांचा) मोठा संच घ्यायचा की धातूचे ट्रॅक? दोन्ही एकदम जमणार नाहीत. ज्यांनी हा रणगाडा केलाय त्यांनी कृपया सांगा.

पोलादी

दोन्ही सध्या घेऊ नका. आधी हे बघा की तो जड का दिसत नाही. खरा टी-३४-८५ सुमारे ३२ टनांचा. ते वजन बघणाऱ्याला कळतं ते मोजक्या जागांवरून, आणि किटमध्ये नेमक्या त्याच जागा कच्च्या राहिलेल्या असतात. बारीक भाग वाढवत नेले म्हणून वजन येत नाही. पितळेचा तुकडा न् तुकडा चढवलेला आणि ट्रॅक मात्र हवेत तरंगणारा, अशी मॉडेलं मी भरपूर पाहिली आहेत. एवढी मेहनत घेतलेली असते की बघून वाईट वाटतं.

सुरुवात ट्रॅकपासून करा. टी-३४ ला ट्रॅकची वरची बाजू उचलून धरणारे छोटे रोलर नसतात. पाच मोठी चाकं, त्यांच्या माथ्यावरच ट्रॅक टेकतो आणि दोन चाकांच्या मधे झोल खातो. हा झोल दिसला की पोलादाचं वजन आपोआप दिसतं. त्यासाठी धातूचेच ट्रॅक लागतात असं मुळीच नाही. रबरी ट्रॅक ठेवायचे असतील तर जिथे झोल हवा तिथे हलच्या बाजूला बारीक भोक पाडून आडवी पिन बसवा आणि ट्रॅक तिच्याखालून घ्या. चाकं आणि फेंडर यांच्या आड पिन दिसत नाही.

पण माझं मत विचाराल तर प्लास्टिकच्या सुट्या कड्यांचा संच घ्या. एका बाजूला ७२ कड्या, त्यातल्या निम्म्यांना मधे दात, निम्म्या सपाट, एकाआड एक. पोलादी पट्टी टेबलावर चिकटपट्टीने घट्ट करा, तिच्या कडेला कड्या ओळीने लावत जा आणि प्रत्येक सांध्याला पातळ सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या गोंदाचा) बारीक थेंब द्या. मग थांबा. ओळ उचलली तर सुटत नाही पण वाकते, अशी मऊ अवस्था येते. ती आली की चाकांभोवती गुंडाळायची, वरच्या बाजूला फोमचे तुकडे खोचून झोल दाबून धरायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. चाकं नुसती खोचलेली ठेवली असतील तर दुसऱ्या दिवशी चाकांसकट आख्खा ट्रॅक बाहेर निघतो आणि वेगळा रंगवता येतो. तुम्ही चाकं चिकटवलेली नाहीत हे फार बरं झालं.

एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. टी-३४ चं चालवणारं चाक मागे असतं आणि त्याच्या कडेला दाते नसतात. दोन तबकड्यांच्या मधे रोलर असतात आणि ते कडीच्या दाताला ढकलतात. म्हणून मागच्या चाकावर दातवाली कडी बरोबर दोन रोलरच्या मधे बसली पाहिजे. तिथून मोजायला सुरुवात केली की बाकीचा ट्रॅक आपोआप जागेवर येतो.

आता टरेट. खरा टरेट ओतीव पोलादाचा, साच्यातून खडबडीत निघालेला. हल मात्र लाटलेल्या पोलादी पाट्या वेल्ड करून बनवलेला. हा फरक बोटाने चाचपता आला पाहिजे. पुट्टी पातळ सिमेंटमध्ये कालवून दह्यासारखी सैल करा, जुन्या राठ ब्रशने टरेटवर टोचत टोचत लावा. ब्रश ओढायचा नाही, उभा धरून टोचायचा. पूर्ण वाळली की बारीक पॉलिश कागदाने वरची टोकं घासून काढा, आणि ही पायरी गाळू नका. १/३५ मध्ये ०.२ मिमीचा उंचवटा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ७ मिमीचा. न घासलेला टरेट फोटोत खडकासारखा येतो. तोफेच्या बुडाची ढाल आणि पुढच्या मशीनगनचं घुमट यांनाही हाच पोत द्या, तेही ओतीवच. हलच्या पाट्या मात्र गुळगुळीत राहू द्या. टरेटचं छप्पर वेगळी पाटी वेल्ड करून बसवलेलं असतं, तिथली वेल्डची शिवण जाणवेल अशी करा. स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी) मेणबत्तीवर ताणून केसासारखा धागा काढा, सांध्यात बसवा, सिमेंटने मऊ करा आणि सुरीच्या बोथट कडेने जवळजवळ खुणा दाबत जा.

फेंडरचं गणित तर डोळे उघडणारं आहे. किटमधला फेंडर साधारण १ मिमी जाड असतो, म्हणजे प्रत्यक्षात ३५ मिमी. या रणगाड्याच्या हलचं पुढचं चिलखतच ४५ मिमीचं! पत्र्याचा फेंडर चिलखताच्या जवळ जाऊन बसला की बिचारं चिलखत जाड दिसणार कसं? खालच्या बाजूने सुरी तिरकी धरून फक्त कडा खरवडून काढा. बघणाऱ्याला कडाच दिसते. एखादा कोपरा शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याने नव्याने केलात तर तो वाकवताही येतो, आणि गल्लीबोळातून गेलेल्या रणगाड्याचा फेंडर वाकलेला असणारच.

चिखलाबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. बर्लिनमधली ती लढाई रस्त्यांवरची, पडलेल्या इमारतींमधली. रणगाड्यावर बसणार विटांचा चुरा, गिलाव्याची धूळ. खाली लालसर, वर करडी-पांढरी, आणि सपाट भागांवर साचलेली. जाड ओला चिखल थापलात तर तोच रणगाडा हिवाळ्यातल्या शेतरस्त्यावरून आल्यासारखा वाटेल.

बारीकतार

पोलादींशी बहुतेक सहमत, पण फोटो-एचला सरसकट बाद करू नका. इंजिनच्या मागच्या बाजूला हवा बाहेर पडायची जाळी असते. किटमध्ये ती बहुतेक वेळा भरीव प्लास्टिकची येते आणि त्यावर चौकटी कोरलेल्या असतात. रंग कितीही चांगला लावा, ती आरपार दिसत नाही. तिथे पितळी जाळी बसवली की खालच्या झडपांची सावली दिसायला लागते. मोठा संच नको, नुसती जाळी वेगळी मिळाली तर तेवढीच घ्या. बसवायच्या आधी मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवून गार होऊ द्या, पितळ मऊ होतं आणि हवा तसा बाक घेतं.

दुसरं, पायदळाला धरायच्या कड्या. टरेटवर आणि हलवर त्या असतात, कारण सैनिक रणगाड्यावर बसूनच जायचे. साच्यातल्या कड्या काढून अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने करा. स्केलमध्ये ती साडेसतरा मिमीची सळई होते, माणसाचं वजन पेलेल अशी दिसते. सगळ्या सारख्या व्हायला प्लास्टिकच्या एकाच पट्टीवर तार वाकवा. भोकं आधी पाडा, टरेटला पोत नंतर द्या, म्हणजे बुडाशी पुट्टी आपोआप वेल्डसारखी बसते.

आणि टरेट घासताना ओलं घासा, तोंडावर मास्क ठेवा. पुट्टीची धूळ छातीत जाऊन उपयोग नाही.

पोलादी

जाळीचं अगदी बरोबर. तिथे पितळच हवं, माझं म्हणणं मागे घेतो. ज्या भागातून आरपार दिसायला हवं किंवा ज्याची कडा पातळ हवी, तिथे पितळ. बाकी पैसे ट्रॅककडे.

सुटेभाग

दोघांचे मनापासून आभार. ट्रॅकच्या सुट्या कड्या आणि जाळी, एवढंच घेतो. मागच्या चाकातले रोलर मला माहीतच नव्हते, आता किट उघडून बघितलं तर खरंच आहेत. रंगाबद्दल दोन शंका: पट्टा आणि नंबर डिकॅलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राने) लावू का? आणि ट्रॅकला गंजाचा रंग किती द्यायचा?

पोलादी

डिकॅल विसरा. टरेटला पोत दिलात की डिकॅल खळग्यांत उतरत नाही, खाली हवा राहते आणि बाजूने बघितलं की चमकते. तसंही हे पट्टे ओळख पटावी, आपल्याच विमानांनी मारा करू नये म्हणून रंगवलेले. ब्रशने घाईत फासलेले, कडा वेड्यावाकड्या, कुठे रंग जाड कुठे विरळ. शुद्ध पांढरा घेऊ नका, त्यात किंचित पिवळट-करडा मिसळा आणि दोन पातळ हातांत ब्रशनेच रंगवा. पट्टा टरेटवरच्या धरायच्या कड्यांखालून जातो तिथे ब्रश पोचलेला नसणार, तो हिरवा तसाच राहू द्या. नंबरही हातानेच.

मूळ हिरवा अ‍ॅक्रिलिकमध्ये लावा आणि हवाय त्यापेक्षा एक छटा उजळ ठेवा, कारण पुढचा प्रत्येक थर तो गडद करणार. त्यावर वार्निशचा हात, मग इनॅमलचा वॉश (खूप पातळ केलेला गडद रंग). अ‍ॅक्रिलिकवर इनॅमल असेल तर व्हाइट स्पिरिटने वॉश पुसता येतो आणि खालचा रंग शाबूत राहतो. वॉश सगळीकडे फासू नका. टोकदार ब्रशने फक्त वेल्डच्या शिवणीत आणि बोल्टच्या बुडाशी सोडा.

ट्रॅक नारिंगी करू नका, ही माझी हात जोडून विनंती. चालता ट्रॅक सतत घासला जातो, त्यावर ताजा नारिंगी गंज टिकणार कुठे? गडद तपकिरी-करडा पाया द्या, त्यावर धुळीचा रंग. मग चकाकी फक्त घर्षणाच्या जागी: जमिनीला टेकणारी बाहेरची नक्षी आणि कड्यांच्या दातांच्या बाजू. तिथे पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने घासलीत तरी उत्तम पोलाद उतरतं. तुमच्या किटमधली चाकं रबरी धावेची असतील तर चाकांच्या कडेला धातूचा रंग अजिबात लावायचा नाही, गडद करडा ठेवा. गंजाची हौस असेल तर मागच्या दोन एक्झॉस्टवर भागवा, तिथे तो शोभतो.

बाजूच्या गोल इंधनटाक्यांच्या झाकणाशी डिझेलचा एक ओघळ द्या, काळपट आणि किंचित चकचकीत. आजूबाजूला सगळं धुळीने मॅट असताना तो एवढाच चमकला पाहिजे.

बारीकतार

धूळ कशाने देणार? पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) असेल तर ती बसवताना इनॅमल थिनर ब्रशने लावू नका, सगळी पूड ओढली जाते. ब्रशचं टोक थिनरमध्ये बुडवून पुडीच्या कडेला फक्त टेकवा, तो स्वतःच आत शिरतो. ओलं असताना सगळा रंग गायब झाल्यासारखा दिसेल. घाबरून आणखी पूड टाकू नका, वाळला की परत येतो.

पोलादी

आणि त्यावर मॅट वार्निश फवारू नका, धूळ दबते. विटांची लाल पूड आधी टाका, गिलाव्याची करडी नंतर, आणि माणसं चढतात त्या जागा, म्हणजे हॅचच्या (वरच्या दारांच्या) कडा आणि धरायच्या कड्यांच्या आसपासचा भाग, कोरड्या ब्रशने पुसून हिरवा उघडा करा. ट्रॅक जोडून झाले की बाजूने काढलेला एक फोटो इथे टाका, झोल बरोबर आलाय का ते बघून सांगतो.