आरोग्य राज्यमंत्री: हे पद भरायचं कशासाठी?

खडकवासला

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात आमच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची, म्हणजे हातापायांतलं बळ घालवणाऱ्या गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं तेव्हा रोज बातम्यांत असायची. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. आमच्या शेजारच्या विंगेतल्या एका मुलाला आधी दोन दिवस जुलाब झाले, मग बरं वाटलं. आठवड्याने जिना चढताना त्याचे पाय मुडपायला लागले. त्याच्या आईला वाटलं, अशक्तपणा असेल. संध्याकाळपर्यंत त्याला हातात पेला धरता येईना. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं बोट पाण्याकडे गेलं. त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरात एक पातेलं फक्त पाणी उकळायला असायचं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये खातेवाटप झालं तेव्हा प्रकाश आबिटकर आरोग्यमंत्री झाले आणि मेघना साकोरे-बोर्डीकर राज्यमंत्री. राज्यमंत्र्यांकडे आलेली खाती बघा: सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा व स्वच्छता, महिला व बालविकास, ऊर्जा, शिवाय सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम). लोक म्हणतात, एका माणसावर पाच खात्यांचा बोजा टाकला. मला उलट वाटतं. आजार पाण्यातून येतो, कुपोषण अंगणवाडीत दिसतं, वीज गेली की आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज बंद पडतो. कॅबिनेट मंत्र्यांच्या दालनांत या सगळ्याच्या फायली वेगवेगळ्या मजल्यांवर पडून असतात. त्या एकत्र येतील असं एकच टेबल आहे, ते राज्यमंत्र्यांचं. त्या टेबलाला अधिकार मात्र नाहीत. ते लेखी द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना कारकून

मंत्रालयात तीस वर्षं काढली, त्यामुळे स्पष्ट लिहितो. तुमची कळकळ पटते, उपाय पटत नाही.

राज्यमंत्री हा दर्जा राज्यघटनेत नाही. अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्री आणि इतर मंत्री, एवढंच आहे. खालची उतरंड सोयीने आली. राज्यमंत्र्याला अधिकार किती, तर त्याचे मंत्री वाटून देतील तेवढे. मी ज्या विभागात होतो तिथे फाइल सचिवांकडून राज्यमंत्र्यांच्या दालनात जायची आणि तिथून वर. नवे मंत्री आले आणि पहिल्याच महिन्यात शेरा पडला: ‘यापुढे थेट सादर करावे.’ त्या दिवसानंतर राज्यमंत्र्यांच्या दालनात बदल्यांचे अर्ज आणि सत्काराची निमंत्रणं एवढंच उरलं. ते गृहस्थ अभ्यासू होते. रोज साडेदहाला येऊन बसायचे. त्यांच्या टेबलावर कोरी टिपणवही बघून मला वाईट वाटायचं.

जुलै २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागात काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांनी परस्पर बैठका घेतल्या, म्हणून मंत्री संजय शिरसाट यांनी पत्र लिहिलं. मिसाळ यांनीही पत्रानेच उत्तर दिलं. बैठक घ्यायची की नाही इथपासून जिथे वाद आहे, तिथे पाच खात्यांचा समन्वय कसा होणार?

आणखी एक. शिंदे सरकारात जून २०२२ पासून शेवटपर्यंत एकही राज्यमंत्री नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये अठरा जणांचा शपथविधी झाला, पुढच्या जुलैत अजित पवारांसह आणखी नऊ जण आले, सगळे कॅबिनेट. त्याच काळात, १५ ऑगस्ट २०२३ पासून, आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. राज्यमंत्री नव्हता म्हणून काही अडलं का?

गोदाताई

मी आरोग्य सेविका. उपकेंद्रात सव्वीस वर्षं नोकरी झाली. जिल्हा सांगत नाही.

काका, ‘काही अडलं का’ हा प्रश्न तुम्ही मंत्रालयातून विचारताय, म्हणून उपकेंद्रातून उत्तर देते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं वर्षातून दोनदा आम्ही गावातल्या पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण करतो. आड, हातपंप, टाकी, व्हॉल्व्ह सगळं बघायचं. धोका जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, चांगलं असेल तर हिरवं.

माझ्या एका गावात आडाला कठडा नव्हता. शेजारी गुरं बांधायची, पावसाचं पाणी शेणासकट आत जायचं. मी ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची बाटली घेऊन जायची, पाण्यात थेंब टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं दिसतं. माझं पाणी कायम पांढरंच. गावचं पाणी शुद्ध करणाऱ्या जलसुरक्षकाला विचारलं तर म्हणाला, ‘ताई, टीसीएल टाकलं की.’ टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. पोतं उघडून बघितलं तर गेल्या वर्षीचं, ओल धरून ढेकळं झालेली. नमुना पाठवला, क्लोरीन वीस टक्क्यांच्या खाली. म्हणजे ती पावडर टाकून काही उपयोग नव्हता.

लाल कार्ड दिलं. सहा महिन्यांनी पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. कार्ड द्यायचं काम आरोग्याचं. कठडा बांधायचा ग्रामपंचायतीने. नळयोजना पाणीपुरवठ्याची. तिचा पंप वीजबिल थकलं म्हणून बंद, म्हणून लोक पुन्हा आडावर. गॅस्ट्रोची लागण झाली तेव्हा मात्र रात्री दोन वाजता सलाईनच्या बाटल्या घेऊन शाळेच्या वर्गात आम्हीच. बाकांना दोरी बांधून बाटल्या टांगल्या होत्या. नोटीस कुणाला आली? मला. ‘पाणी शुद्धीकरणाचा पाठपुरावा का केला नाही’ म्हणून.

माझी तिन्ही लाल कार्डं आज कुठल्या कपाटात असतील? ती एकाच माणसासमोर गेली असती, तर त्याला पंपही दिसला असता आणि पोतंही. तो माणूस राज्यमंत्री असेल तर मला चालेल.

पूर्णाकाठ

गोदाताई, तुमचं वाचून पोटात तुटलं. पण तुमच्याच गोष्टीत माझं उत्तर आहे. कठडा ग्रामपंचायतीचा, म्हणजे ग्रामविकास विभागाचा, आणि तो त्या पाच खात्यांत नाही.

खडकवासला यांचंही तेच. नांदेड, किरकटवाडी महापालिका हद्दीत आलेली गावं. तिथलं पाणी महापालिकेचं आणि महापालिका नगरविकासकडे. पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाचं मुख्य काम ग्रामीण भागात. म्हणजे ज्या साथीवरून हा धागा निघाला, तिच्यातही ते ‘एक टेबल’ अपुरंच पडलं असतं.

मी परभणी जिल्ह्यातला आहे. आमच्या जिंतूरच्या आमदार राज्यमंत्री झाल्या याचा मला आनंदच आहे, मराठवाड्याला आरोग्यात कुणीतरी हवंच होतं. तरी हे लिहितो. पाच खाती म्हणजे पाच कॅबिनेट मंत्री, पाचांचे सचिव, अधिवेशनात पाचांचे प्रश्न. वरिष्ठ मंत्री विधानसभेत असले की विधान परिषदेतल्या लक्षवेधी सूचनेला उत्तर द्यायचं राज्यमंत्र्यांकडे. त्यात मतदारसंघ, पालकमंत्रिपद, दौरे. दिवसाचे तास कुणालाच चोवीसच्या वर मिळत नाहीत. नुसत्या आरोग्याला पूर्ण वेळ देणारा माणूस हवा असेल, तर हे पद तसं घडवलेलंच नाही.

वऱ्हाडी माणूस

आमच्या बुलढाण्याचं उदाहरण देतो. २०२४ संपताना शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हाताला येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. मुलींनी कॉलेजला जाणं बंद केलं, ठरलेली लग्नं लोक पुढं ढकलू लागले. सुरुवातीला पाण्यावर संशय होता, शाम्पूवरही होता. केंद्रातले आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव आमच्याच जिल्ह्याचे खासदार. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं गावात आली, नमुने गेले. नंतर डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या जास्त झालं की बाधणाऱ्या घटकाकडे बोट दाखवलं. म्हणजे दुखणं डोक्यावर आणि कारण धान्याच्या गोदामात!

मुद्दा असा की खेड्यातला माणूस कॅबिनेट मंत्र्यापर्यंत पोचत नाही, राज्यमंत्र्यापर्यंत पोचतो. दिल्लीत केंद्रीय आरोग्यमंत्री नड्डासाहेबांना बोंडगाव माहीत असायचं कारण नव्हतं.

पूर्णाकाठ

@वऱ्हाडी माणूस, हेच तर दुःख आहे. राज्यमंत्री बुलढाण्याचे होते म्हणून बोंडगावाला जवळचा माणूस मिळाला. हेच टक्कल गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर पडलं असतं तर? साथीचा माग काढणं ही यंत्रणेची रोजची सवय व्हायला हवी. जिल्ह्याचा नेता कोण, यावर पथक येणार असेल तर ते आरोग्य सार्वजनिक कसलं?

लेस्टरवासी

मी मूळची सांगलीची, इथे नर्स आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यासाठी कनिष्ठ मंत्र्याचं वेगळं पद असतं, मंत्र्यांच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवरचं. पण कामांची यादी सरकार त्या व्यक्तीच्या नावापुढे जाहीर करतं: तंबाखू, लसीकरण, लठ्ठपणा वगैरे. कुणीही वाचू शकतं. त्यामुळे जाब कुणाला विचारायचा ते कळतं.

या पदावरून मोठं काम झाल्याचं उदाहरणही आहे. जेन एलिसन २०१३ ते २०१६ या पदावर होत्या. सिगारेटची पाकिटं बिनरंगी, बिनछापाची करायचा विषय सरकारात रेंगाळला होता. जानेवारी २०१५ मध्ये एलिसन यांनी संसदेत जाहीर केलं की निवडणुकीआधी नियम आणणार. मार्चमध्ये ३६७ विरुद्ध ११३ मतांनी ते मंजूर झाले आणि मे २०१६ पासून लागू झाले. सही करणारं पद लहान होतं, पण विषय त्यांच्या यादीत होता आणि त्यांनी तो सोडला नाही.

जुना कारकून

लेस्टरवासी, उदाहरण चांगलं आहे. पण तिथलीच दुसरी बाजू बघा. साखरेच्या पेयांवरचा कर मार्च २०१६ मध्ये जाहीर केला तो अर्थमंत्र्यांनी. जिथे पैसा येतो तिथे कनिष्ठ मंत्र्याचा हात पोचत नाही. शिवाय एलिसन यांच्या आधीच्या अ‍ॅना सूब्री या पदावर साधारण वर्षभरच होत्या. खातं समजेपर्यंत माणूस बदलला तर यादी काय कामाची?

आपल्याकडे खर्चाचाही विचार करा. ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे २८८ आमदारांच्या विधानसभेत ४३ मंत्री. डिसेंबर २०२४ मध्ये ४२ झाले, त्यांत सहा राज्यमंत्री. प्रत्येकाला दालन, कर्मचारी, गाड्या. त्या पैशांत तालुक्याच्या पाणी तपासणीला माणसं मिळतील.

गोदाताई

काका, ते पैसे वाचले तर तालुक्याला येतील, असं तुमच्या तीस वर्षांत एकदा तरी झालं का? मला खरंच विचारायचंय.

जुना कारकून

नाही झालं, ताई. खोटं बोलणार नाही.

खडकवासला

पूर्णाकाठ यांचा नगरविकासचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. मी पाच खात्यांची यादी बघून हुरळलो होतो, आमचं पाणी त्यात बसतच नाही हे लक्षात आलं नाही. म्हणून मागणी बदलतो. खाती किती आहेत ते सोडा. आरोग्य राज्यमंत्र्याला एकच काम लेखी द्यावं: आजार जिथे दुसऱ्या विभागाच्या कामातून येतो, तिथे त्या विभागाकडून ठराविक मुदतीत उत्तर मागायचं. मग तो नगरविकास असो की ग्रामविकास. उत्तर आलं नाही तर तसं सभागृहात नाव घेऊन सांगायचं. कार्यनियमावलीखाली मुख्यमंत्री काम वाटून देऊ शकतात, त्याला घटना बदलावी लागत नाही. काका, यात काही चूक आहे का?

जुना कारकून

चूक नाही. होईल का, ही शंका आहे. पण गोदाताईंची ती तीन कार्डं काल रात्रभर डोळ्यांसमोर होती, म्हणून सवयीने मसुदा करून बघितला:

‘ज्या ग्रामपंचायतीस किंवा नागरी भागातील स्रोतास लागोपाठ दोन सर्वेक्षणांत तीव्र जोखमीचा शेरा मिळाला असेल, त्याची यादी जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी राज्यमंत्री (सार्वजनिक आरोग्य) यांना पंधरा दिवसांत सादर करावी. संबंधित विभागाने तीस दिवसांत केलेल्या कार्यवाहीचा अहवाल राज्यमंत्र्यांस द्यावा. सदर यादी व अहवाल प्रत्येक अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात यावेत.’

‘पटलावर’ हा शब्द मुद्दाम घातलाय. पटलावर आलेला कागद कपाटात जात नाही.

पूर्णाकाठ

मसुदा चांगला आहे. तरी ‘राज्यमंत्री’ खोडून मी तिथे ‘अपर मुख्य सचिव’ लिहीन. सरकार बदललं तरी ती खुर्ची रिकामी राहत नाही. २०२२ ते २०२४ मध्ये ही यादी कुणाकडे गेली असती?

लेस्टरवासी

पण सचिवाला सभागृहात उभं करता येत नाही. आमदार प्रश्न मंत्र्यालाच विचारणार. पद रिकामं राहू नये, हे खरं. म्हणून ‘राज्यमंत्री, ते नसल्यास मंत्री’ असं लिहा.

गोदाताई

काका, मसुद्यात एक राहिलं. लाल कार्ड दिलं की आम्ही त्या आडाचं पाणी पिऊ नका असं सांगतो. कठडा होईपर्यंत तीस दिवस धरा, नाहीतर साठ. तेवढे दिवस लोकांनी पाणी कुठून आणायचं? टँकर कुणी द्यायचा, तहसीलदारांनी की पंचायत समितीने, तेही लिहा. एप्रिलचं सर्वेक्षण सुरू झालंय. माझ्याकडे पाच गावं आहेत आणि त्यांतल्या दोन ठिकाणी मला परवा हेच विचारतील.