अमाल्फी कोस्टला राहायचं कुठे? सोबत सासूबाई (गुडघे) आणि पोरगा

संत्रानगरी_आई
नमस्कार मंडळी, जूनमध्ये इटलीला जायचं ठरवून राहिलो आम्ही. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटीच उघडतात म्हणून सुरुवातीचे आठवडे मोकळे मिळतात, आणि तेव्हा इथला उकाडा तर तुम्हाला माहीतच आहे. आधी रोम, मग चार-पाच रात्री समुद्राजवळ. नवऱ्याला पॉझितानोच पाहिजे, फोटो पाहून मनात बसलंय त्यांच्या, पण तिथले हॉटेलचे रेट पाहूनच मी लॅपटॉप बंद केला. सोबत सासूबाई आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, सपाट जागी आरामात चालतात पण जिना असला की कठडा धरून एकेक पायरी. शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला पाणी दिसलं की बाकी काही नको, मात्र घाटात बसमध्ये उलट्या होतात त्याला, चिखलदऱ्याला जाताना दरवेळी थांबावं लागतं. सोरेंतो, अमाल्फी, सालेर्नो अशी नावं वाचून राहिली मी आणि प्रत्येक जण आपलंच गाव बेस्ट म्हणतो. गाडी भाड्याने घेतली तर सोपं पडेल का? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा, व्हिसासाठी बुकिंग लवकर दाखवायचंय.

धंतोलीचा_फिरस्ता
ताई, मी आईबाबांना घेऊन गेलो होतो म्हणून पहिले गुडघ्यांचंच सांगतो, कारण तिथे सगळं त्यावरच ठरतं. पॉझितानो म्हणजे डोंगराच्या उतारावर खालून वरपर्यंत रचलेली घरं, मुख्य रस्ता वर आणि बीच एकदम खाली, मधे पायऱ्याच पायऱ्या. रामटेकचा गड रोज दोन वेळा चढायचा उतरायचा असं समजा. हॉटेल 'बीचपासून ३०० मीटर' लिहिलेलं असतं पण ते नकाशावरचं, पायऱ्या त्यात धरलेल्याच नसतात. बॅगा उचलायला पोर्टर मिळतात, माणसाला उचलायला कोण मिळणार?

पण पॉझितानो पाहायचंच नाही असं नाही हां. बोटीने जा. बोट डायरेक्ट बीचवर, स्पियाज्जा ग्रांदेला सोडते, म्हणजे तुम्ही आधीच खाली असता. थोडंच वर सांता मारिया आस्सुंता चर्च आहे, रंगीत टाइल्सच्या घुमटाचं, फोटोत तेच दिसतं. सासूबाई तिथे खालीच सावलीत बसल्या तरी पूर्ण गाव समोर उभं दिसतं, आणि खरं सांगू का, वरच्या हॉटेलातून गाव दिसत नाही, समुद्र दिसतो. भाऊंना फोटो पाहिजे तर तो खालून किंवा बोटीतूनच येतो.

राहायला माझं मत सालेर्नो. रोमहून फास्ट ट्रेन सरळ सालेर्नोला येते, दोन तासांच्या आसपास, नेपल्सला बदलायची गरज नाही. स्टेशनपासून बोटीचा धक्का, पियाझ्झा देल्ला कॉनकॉर्दिया, चालत पाच-सात मिनिटं आणि रस्ता सपाट. तिथून अमाल्फी अर्धा-पाऊण तास, पॉझितानो तासभर किंवा थोडं जास्त. पोराला घाट लागतच नाही कारण तुम्ही घाटातून जातच नाही! हे शहर आहे, पोस्टकार्ड नाही, पण संध्याकाळी समुद्राकाठचा फिरायचा लांब रस्ता आहे, झाडं आहेत, बाकं आहेत, तिथले आजी-आजोबा रोज येऊन बसतात. आमची आई त्यांच्यात जाऊन बसायची, भाषा येत नसताना. खोल्यांचे भाव पॉझितानोपेक्षा कितीतरी कमी.

बजाजनगर_मैत्रेयी
मी सोरेंतोच्या बाजूने बोलते. सालेर्नो सोयीचं आहे मान्य, पण पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं शहर) आणि काप्री बेट दोन्ही करायचं असेल तर सोरेंतोच जवळ. सर्कुमवेसुवियाना लोकल ट्रेनने पॉम्पेई अर्धा तास, स्टेशनच्या समोरच गेट. काप्रीची बोट वीस-तीस मिनिटं. गाव कड्यावर आहे पण वरचा भाग, पियाझ्झा तास्सोच्या आजूबाजूचा, बऱ्यापैकी सपाट, आणि खाली समुद्राकडे जायला सार्वजनिक बागेतून लिफ्ट आहे, पैसे लागतात पण सासूबाईंसाठी वरदान. रात्री समोर खाडीपलीकडे वेसुवियस ज्वालामुखी दिसतो.

दोन गोष्टी आधीच सांगते. एक, सोरेंतो हे अमाल्फी कोस्टवर नाही, डोंगराच्या दुसऱ्या बाजूला आहे, तिथून पॉझितानो-अमाल्फीला जायची बस म्हणजे वळणंच वळणं, जूनमध्ये उभं राहून जावं लागू शकतं. तुमच्या मुलाला ते झेपणार नाही, बोटच घ्या. दुसरं, वाळूचा बीच म्हणाल तर सोरेंतोत नावापुरता, लाकडी प्लॅटफॉर्मवरून पाण्यात उतरतात लोक. मोठ्यांना मस्त, नऊ वर्षांच्या पोट्ट्याला वाळूत खड्डे खणायचे असतात.

आणि पॉम्पेईचं तिकीट आधी काढा, २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. आत दगडी रस्ते उंचसखल आहेत, आजींना पूर्ण फिरवू नका.

गिअरबॉक्स_नागपूर
गाडी नको. एसएस १६३, म्हणजे या किनाऱ्याचा मुख्य रस्ता, एवढा अरुंद की समोरून बस आली की कोणाला तरी मागे घ्यावंच लागतं. २०२२ पासून उन्हाळ्यात ठराविक दिवशी दिवसा सम-विषम नंबर प्लेटचा नियम आहे, भाड्याच्या गाडीचा नंबर तुमच्या हातात नसतो. पार्किंगचे भाव वेगळे, शिवाय आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढायचं. तेवढ्या पैशात एखाद्या दिवशी ड्रायव्हरवाली गाडी घ्या, आजींना डोंगरावरचं रावेल्लो गाव दाखवून आणा.

संत्रानगरी_आई
खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. गाडी कॅन्सल, पॉझितानोला राहणं पण कॅन्सल, रामटेक म्हटल्यावर ह्यांनी पुढे वाद घातला नाही. काप्री नाही झालं तरी चालेल आम्हाला. आता प्रश्न असा की सालेर्नोला पोराला पोहायला मिळेल का? त्याचा पूर्ण जीव त्यातच आहे. आणि बोट रद्द झाली तर काय करायचं? सासूबाईंच्या जेवणाचंही कोणीतरी सांगा, ठेपले आणि पोह्यांवर किती दिवस काढणार.

समुद्रवेडी_विदर्भकन्या
ताई, पोहणंच महत्त्वाचं असेल तर मायोरी बघा ना. अमाल्फी कोस्टवरचा सगळ्यात लांब बीच तिथेच आहे, गाव नदीच्या मुखाशी असल्यामुळे सपाट, बीचला लागून चालायचा रस्ता. नटलेलं गाव नाही, इटालियन कुटुंबंच जास्त येतात, संध्याकाळी पोरं सायकली घेऊन फिरतात. बीचवर काही पट्टे छत्री-खुर्चीवाल्यांचे, पैसे देऊन बसायचे, आणि काही फुकट, त्याला स्पियाज्जा लिबेरा म्हणतात, चटई टाका आणि बसा. वाळू जाडसर राखाडी, कुठे कुठे खडेही, पोराला पाण्यातले रबरी बूट इथूनच घेऊन जा. जूनमध्ये पाणी पहिल्यांदा गार लागतं, मग पोरं बाहेरच येत नाहीत, ओढून काढावं लागतं त्यांना.

सालेर्नोला उतरून बोटीने मायोरी, तिथून बोटीनेच अमाल्फी जवळ. अमाल्फीत धक्क्यापासून कॅथेड्रलचा चौक दोन-चार मिनिटं, रस्ता सपाट, फक्त कॅथेड्रलच्या पायऱ्या उभ्या आहेत, सासूबाई खाली चौकात बसतील. मुलाला जुन्या कागद गिरणीतलं म्युझियम दाखवा, पाण्यावर चालणारी जुनी यंत्रं आहेत. समुद्र खवळला तर बोटी खरंच बंद होतात, तेव्हा बस किंवा टॅक्सी. म्हणून रोमला परतायच्या आदल्या रात्री सालेर्नोला मुक्काम करा, सकाळची ट्रेन चुकायची भीती राहत नाही. २ जूनला इटलीत राष्ट्रीय सुट्टी असते, त्याच्या आजूबाजूचे दिवस गर्दीचे.

आता जेवण. अंडं नको तर सुका पास्ता मागा, तिकडच्या ग्रान्यानो गावचा पास्ता प्रसिद्ध आहे, तो फक्त गहू आणि पाण्याचा. ताज्या पास्त्यात आणि न्योक्कीत (बटाट्याचे छोटे गोळे) अंडं असू शकतं, दरवेळी विचारा. पिझ्झा मरिनारात चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. नावावरून मासळी वाटते पण नसते. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) असतं, सासूबाई ते पाळत असतील तर जेवण मागवतानाच नको म्हणा. चेतारा या कोळ्यांच्या गावाच्या बाजूला भाजीतसुद्धा अँचोव्ही माशाचा अर्क घालतात, तिथे जास्त सांभाळा. मी तर म्हणेन किचनवालं अपार्टमेंट घ्या, टोमॅटो, वांगी, काबुली चणे, तांदूळ सगळं दुकानात मिळतं, फोडणीचा डबा तेवढा घेऊन जा. लिंबाचा ग्रानिता मात्र सगळ्यांनी खा, बर्फ, लिंबू आणि साखर, आजीही खुश.

धंतोलीचा_फिरस्ता
मायोरीचं बरोबर आहे, पोरगा आहे म्हणून मी पण हेच म्हणेन. फक्त बुक करताना हॉटेलवाल्याला मेल टाका की रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती आणि लिफ्ट तळमजल्यापासूनच आहे का, कारण काही ठिकाणी लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होते. आणि व्हिसासाठी फ्री कॅन्सलेशनवालंच बुकिंग घ्या. टुरिस्ट टॅक्स बहुतेक ठिकाणी वेगळा द्यावा लागतो, माणशी आणि रात्रीच्या हिशोबाने, लहान मुलांना बऱ्याच गावात माफ असतो, त्याच मेलमध्ये विचारून घेजा.

संत्रानगरी_आई
मेल आत्ताच टाकला दोन ठिकाणी, मायोरीत तीन रात्री आणि शेवटची सालेर्नोला. पायऱ्यांचं उत्तर आलं की इथेच टाकते.