अट बदलली की भागाकार बदलतो
प्रश्न असा की पत्त्यांतलं एक पान ओढलं, तर 'चित्र (म्हणजे गुलाम, राणी किंवा राजा) असेल तर राजा' आणि 'राजा असेल तर चित्र' ह्यांची संभाव्यता वेगळी का, तर सरळ पत्त्यांचा कॅट घेऊन बसा. ५२ पानांत राजे ४, नुसतं पान ओढलं तर ४/५२. आता मी पान बघून म्हटलं की चित्र आहे, की बाकीची ४० पानं बादच, उरले गुलाम राणी राजा मिळून १२ आणि त्यात राजे ४, म्हणून १/३. सूत्र तेच सांगतं, दोन्ही एकदम घडायची संभाव्यता भागिले अटीची, ४/५२ भागिले १२/५२. उलट विचारलंत तर खाली १२/५२ च्या जागी ४/५२ येतं आणि उत्तर थेट १, कारण राजा हे चित्रच! वरचा आकडा दोन्हीकडे तोच, पेपरात गडबड होते ती खालच्याची.