अ‍ॅल्युमिनियमच्या बूमला किकरपाशी तडा: वेल्डिंग करावे की आतून स्लीव्ह बसवावी?

शिडवाला (मुंबई)

नमस्कार. माझी २६ फुटी, फायबरग्लासची जुनी शिडाची नौका मुंबई बंदरात मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधलेली) असते. गेल्या आठवड्यात मांडव्याकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा मागून होता, मेनसेल (मुख्य शीड) पूर्ण बाहेर सोडलेले होते आणि किकर (बूमला, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याला, खाली ओढून धरणारी दोरी) ताणून बांधलेला होता. एका मोठ्या लाटेने नौका कलली, बूमचे मागचे टोक पाण्यात गेले आणि ‘कट्ट’ असा आवाज आला. किनाऱ्यावर पाहिले तेव्हा किकरच्या फिटिंगमागच्या स्क्रूच्या छिद्रातून निघालेला, सुमारे चार सेंटीमीटरचा तडा बूमच्या खालच्या बाजूला दिसला. त्याच जागी वरच्या बाजूला, शिडाच्या खोबणीलगत, पत्रा आत दबून सुरकुती पडली आहे. मागून नजर लावली की बूम किंचित वाकलेली कळते.

बूम ३.२ मीटर लांब, लंबवर्तुळाकार छेदाची (उंची १२० मिलिमीटर, रुंदी ८० मिलिमीटर), पत्र्याची जाडी अंदाजे २.५ मिलिमीटर आणि वरून अ‍ॅनोडाइझ केलेली आहे. मेनशीट (बूम आत-बाहेर घेण्याची दोरी) टोकाला आहे, किकर गूजनेकपासून (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्यापासून) ८० सेंटीमीटरवर आहे, आणि आउटहॉल (शिडाचा पाय मागे ताणणारी दोरी) व रीफिंगच्या (शीड लहान करण्याच्या) दोऱ्या आतून जातात. परदेशातून नवी बूम मागवायची तर एवढ्या लांबीच्या नळीचे वाहतूकभाडेच मला परवडणारे नाही. जवळचा एक फॅब्रिकेटर आर्गॉन वेल्डिंगने तासाभरात तडा भरून देतो म्हणतो. माझ्याकडे ड्रिल, जिगसॉ आणि हाताने चालणारे रिव्हेटर आहे. वेल्डिंगवर विसंबावे, की आतून स्लीव्ह (बूमच्या आत घट्ट बसणारी आधाराची नळी) बसवण्याचे काम स्वतः हाती घ्यावे?

दर्यासारंग

वेल्डिंग करू नका. फॅब्रिकेटरच्या हाताला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. त्याने केलेला सांधा दिसायला अगदी सुबक असेल, परंतु अडचण त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या धातूत निर्माण होते. बूम आणि डोलकाठीसाठी ६०६१ किंवा तत्सम मिश्रधातू वापरतात, आणि त्यांची ताकद उष्णतेच्या नियंत्रित प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला टी६ अवस्था म्हणतात तिच्यातून, आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण एक-एक इंच पट्टा ही अवस्था गमावतो. ६०६१-टी६ धातू सुमारे २४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही. वेल्डिंगनंतरच्या पट्ट्यासाठी रचनेच्या हिशेबात ही मर्यादा १०५ च्या आसपासच धरतात. गेलेली ताकद परत आणायची तर अख्खी नळी भट्टीत पाचशे अंशांहून अधिक तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा कित्येक तास कमी तापमानावर ठेवावी लागते. हे घरी शक्य नाही, आणि एवढी लांब नळी या प्रक्रियेत सरळ राहीलच याचीही खात्री नसते.

आता आपल्याच मापांवर हिशेब करून पाहू. मेनशीट सैल असताना शिडाची लीच (मागची कड) बूमच्या टोकाला १०० किलो जोराने वर ओढत असेल, तर ते ओढणे एकटा किकर रोखून धरतो. तो गूजनेकपासून ०.८ मीटरवर आहे आणि टोक ३.२ मीटरवर, म्हणजे किकरला ४०० किलोंचा उभा जोर द्यावा लागतो. तो तिरपा असल्याने त्याच्या दोरीतला ताण याहूनही बराच जास्त असतो. किकरच्या जागी बूमला वाकवणारा जोर १०० गुणिले २.४, म्हणजे २४० किलोग्रॅम-मीटर येतो. आपल्या छेदाच्या नळीत त्यामुळे सुमारे १२० मेगापास्कल ताण निर्माण होतो. मूळ धातूला हा सहज पेलतो. वेल्ड केलेल्या पट्ट्याची मर्यादा मात्र नेहमीच्याच वाऱ्यात ओलांडली जाते. बूमवर सर्वांत मोठा जोर जेथे येतो नेमक्या त्याच जागी धातू मऊ करून घेण्यासारखे ते होईल. हाच तडा मागच्या टोकाच्या फिटिंगपाशी असता, जेथे वाकवणारा जोर जवळजवळ शून्य असतो, तर मी वेल्डिंगला इतका विरोध केला नसता.

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी फिटिंग काढा आणि त्याखाली पाहा. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी पूड जमते. बहुतेक तडे या झिजलेल्या छिद्रांपासूनच सुरू होतात. डाय पेनिट्रंटचा (रंग मुरवून भेगा शोधण्याचा) संच वेल्डिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. पृष्ठभाग स्वच्छ करून लाल रंग फवारावा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावा, मग क्लीनर कापडावर घेऊन पुसावा. थेट पृष्ठभागावर फवारला तर भेगेतला रंगही धुऊन जातो. त्यानंतर पांढरा डेव्हलपर मारला की डोळ्यांना न दिसणारी भेगही लाल रेघ होऊन वर येते. तड्याचे खरे टोक कोठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीची लांबी ठरवता येत नाही.

धातुकाम (पुणे)

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. स्लीव्ह घरी बसवता येते, फक्त ती कशी काम करते हे समजून घेऊन बसवली पाहिजे. पुष्कळ जण समजतात की सारा भार रिव्हेटांवर येतो आणि म्हणून आखूड नळीला भरमसाट रिव्हेट मारतात. प्रत्यक्षात घट्ट बसलेली स्लीव्ह वाकवणारा जोर प्रामुख्याने बूमच्या आतल्या भिंतीवर रेटून पुढे पोहोचवते: एका टोकाला वर, तर सांध्याजवळ खाली. स्लीव्ह जितकी लांब तितका हा रेटा कमी होतो. तड्याच्या प्रत्येक बाजूला बूमच्या उंचीच्या किमान तिप्पट, म्हणजे आपल्या बाबतीत ३६० मिलिमीटर, लांबी ठेवा. स्लीव्हची टोके सरळ न कापता इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच देऊन कापा, कारण सरळ टोकापाशी कडकपणा एकदम बदलतो आणि पुढचा तडा तेथेच जाण्याची शक्यता असते.

उत्तम स्लीव्ह त्याच छेदाच्या दुसऱ्या नळीतून होते: लांबीभर एक पट्टी कापून काढायची, नळी दाबून अरुंद करायची आणि आत सरकवायची. रिव्हेट मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे), ४.८ मिलिमीटरचे घ्यावेत. ते मुंबईच्या नागदेवी परिसरात शोधावे लागतील, आणि ते ओढण्यासाठी साधे हातरिव्हेटर पुरत नाही. लांब दांड्यांचे किंवा हवेवर चालणारे भाड्याने घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या पॉप रिव्हेटमधली पोलादी काडी समुद्रावर गंजते, म्हणून ते टाळावेत. छिद्रे बूमच्या दोन्ही बगलांवर, मध्यरेषेच्या आसपास, एकाआड एक खालीवर करून पाडावीत. अगदी तळाला आणि अगदी माथ्यावर छिद्र नको, कारण ताण आणि दाब तेथे सर्वाधिक असतात. सर्व छिद्रे एकाच वर्तुळात पाडली तर बूम तेथून फाटेल.

आतल्या दोऱ्यांचा विचार आधीच करावा. रिव्हेटांची आत राहणारी टोके रीफिंगची दोरी हळूहळू कापतात, आणि ते लक्षात येते तेव्हा वारा वाढलेला असतो व रीफ घेण्याची गरज असते. दोऱ्या बाहेरून न्याव्यात, किंवा आत पातळ प्लॅस्टिकच्या नळीतून सोडाव्यात.

वल्हे

दुरुस्तीबरोबर कारणही दूर केले पाहिजे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. टोक पाण्यात गेल्यावर पाणी त्याला वर आणि मागे ढकलते, आणि ताणलेला किकर बूमला मध्येच खाली धरून ठेवतो, त्यामुळे बूम किकरवरच मोडते. वारा मागून असताना आणि लाट असताना किकर असा ठेवावा की तो तत्काळ, ओझ्याखालीही, सोडता येईल. त्याची दोरी कॉकपिटमधल्या कॅम क्लीटपर्यंत (दोरी पकडणाऱ्या व झटक्यात सोडणाऱ्या चापापर्यंत) आणून ठेवली तर हे शक्य होते. प्रिव्हेंटर (बूम अचानक दुसऱ्या बाजूला फिरू नये म्हणून बांधायची दोरी) वापरत असाल तर तो बूमच्या मध्यावर कधीही बांधू नका. टोकापासून घेऊन पुढे नाळेपाशी (नौकेच्या पुढच्या टोकाला) न्या, म्हणजे बूम मधोमध वाकणार नाही.

किकरसाठी पुन्हा स्क्रूचे फिटिंग बसवण्यापेक्षा रुंद पट्टा आणि डायनीमा या अतिशय मजबूत दोरीची वळी यांचा विचार करावा. मेनसेलचा पाय सुटा असेल, म्हणजे शीड फक्त दोन टोकांना बूमला जोडलेले असेल, तर पट्टा बूमभोवती पूर्ण फिरवता येतो आणि सर्वाधिक भाराच्या जागी एकही नवे छिद्र पडत नाही. पट्टा सरकू नये म्हणून बगलेवर एक लहान अडसर पुरतो.

आणखी एक गोष्ट, कारण हा सल्ला बंदरावर हमखास दिला जातो: आत सागवानी ठोकळा ठोकून बसवू नका. लाकूड ओल धरून ठेवते, मीठ साचते आणि अ‍ॅल्युमिनियम आतून, न दिसता, झिजत जाते. समुद्रात अडचण आली तर बाहेरून दोन लाकडी फळ्या दोरीने आवळून किनारा गाठावा. कायमचा उपाय म्हणून लाकूड आत घालू नये.

शिडवाला (मुंबई)

सर्वांचे मनापासून आभार. फिटिंग काढून डाय पेनिट्रंट करून पाहिले. मोठा तडा डोळ्यांना दिसत होता त्यापेक्षा सुमारे एक सेंटीमीटर पुढे गेला आहे, आणि शेजारच्या छिद्रातून दुसरी केसासारखी भेग निघाली आहे. फिटिंगखाली पांढरी पूड होतीच. माझ्यापुढे आता तीन अडचणी आहेत. त्याच छेदाची नळी मला कोठेही मिळालेली नाही. वरची सुरकुती आत आल्यामुळे पुठ्ठ्याचे स्लीव्हच्या मापाचे नमुनेसुद्धा पुढे सरकत नाहीत. ती हातोडीने किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करावी का? आणि घरगुती इपॉक्सी मे महिन्याच्या उन्हात टिकेल का? मेनसेलचा पाय सुटा आहे, आणि क्ल्यूच्या (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याच्या) मागे बूमवर साधारण २० सेंटीमीटर लांबी रिकामी राहते.

धातुकाम (पुणे)

त्या रिकाम्या २० सेंटीमीटरने प्रश्न सोपा केला आहे. सुरकुती सरळ करू नका: टी६ अवस्थेतला पत्रा थंड असताना उलट वाकवला की त्यात नव्या भेगा पडतात, आणि ज्योत लावली तर वेल्डिंगचेच सारे तोटे पदरात येतात. एकच तडा असता आणि माथा सरळ असता, तर मी तड्याच्या टोकाच्या किंचित पुढे चार मिलिमीटरचे छिद्र पाडून तो थांबवा आणि आतून स्लीव्ह घाला असे सांगितले असते. दोन भेगा, झिजलेली छिद्रे आणि दबलेला माथा एकत्र असताना तो १५ सेंटीमीटरचा तुकडाच कापून काढणे अधिक स्वच्छ ठरेल. दोन्ही काप बूमला अगदी काटकोनात घ्या आणि कानशीने घासून कडा एकमेकींना पूर्ण टेकतील अशा करा, कारण गूजनेककडे जाणारा दाब या कडांमधूनच वाहिला पाहिजे. बूम तेवढी आखूड होईल आणि मेनशीटची जागाही पुढे येईल, म्हणून कापण्यापूर्वी मेनशीटचा मार्ग व टॉपिंग लिफ्टची (बूमचे टोक वर धरणाऱ्या दोरीची) लांबी तपासून घ्या.

स्लीव्हसाठी गुलालवाडीच्या धातुबाजारातून ६०६१-टी६ चा ४ मिलिमीटर पत्रा घ्या आणि बूमच्या आतल्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा देऊन प्रेसवर दोन अर्धी कवचे, न तापवता, वाकवून घ्या. हिशेबाने ३ मिलिमीटरची अखंड नळी पुरली असती, परंतु शिडाच्या खोबणीसाठी कवचे माथ्यावर उघडी ठेवावी लागतील, म्हणून एक मिलिमीटर वाढवत आहे. कवच आणि बूम यांत अर्धा ते एक मिलिमीटर फट राहिली तर ती इपॉक्सीने उत्तम भरते.

खोलीच्या तापमानावर घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांपासून मऊ पडू लागतात, आणि गडद रंगाची बूम आपल्या उन्हात तेथवर पोहोचू शकते. म्हणून इपॉक्सीने फट भरावी आणि हालचाल थांबवावी, जोडून ठेवण्याचे काम रिव्हेटांकडेही असावे, आणि बूमला पांढरा रंग द्यावा. रिव्हेटांची छिद्रे कोरड्या जुळणीतच पाडून, कडा साफ करून घ्या. मग आतील पृष्ठभाग ८० नंबरच्या कागदाने घासा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच पुन्हा चढतो, यासाठी इपॉक्सीचा पहिला पातळ हात लावून तो ओला असतानाच पुन्हा घासायचा. त्यानंतर सिलिका मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी लावून कवचे सरकवा. हार्डनर मंद घ्या आणि काम पहाटे करा, नाहीतर कवच अर्ध्यात असतानाच मिश्रण आवळू लागेल. कवचे आत फुगून बसावीत म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लाकडी पाचर तात्पुरती ठेवा आणि रिव्हेट मारल्यावर ती ओढून काढा. जुळणीच्या वेळी बूम सरळ पट्टीला आवळून धरा. इपॉक्सी घट्ट झाल्यानंतर वाक काढता येत नाही.

मोनेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यातही झीज होते, त्यामुळे प्रत्येक रिव्हेट ड्युरालॅकसारख्या झीजरोधक लेपात बुडवून मारा. किकरचा पट्टा कापाच्या रेषेवर आणू नका. तो स्लीव्हच्या लांबीत, पण सांध्यापासून किमान एक वीत पुढे ठेवा.

आठवडाभर इपॉक्सी मुरू दिल्यावर मुरिंगवरच शीड चढवून, हलक्या वाऱ्यात, किकर आणि मेनशीट टप्प्याटप्प्याने ताणा. सांध्याच्या आणि काही रिव्हेटांच्या कडेने आधी पेन्सिलीच्या बारीक रेघा मारून ठेवा. रेघ तुटली किंवा कडांमध्ये फट उघडली, तर काम पुन्हा उघडावे लागेल. रेघा जागच्या जागी राहिल्या तर पहिला महिना रीफ लवकर घेऊन चालवा, आणि त्यानंतर पट्टा सोडवून स्लीव्हच्या दोन्ही टोकांपाशी पुन्हा एकदा डाय पेनिट्रंट मारून पाहा. नवा तडा आलाच तर तो तेथे येईल.