रोजचे ४६ किमी आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर: पेट्रोल, डिझेल की इलेक्ट्रिक?

रस्तेभर:
नमस्कार मंडळी. १५-१६ लाखांपर्यंतची नवी पाच सीटची गाडी घ्यायची आहे. सिंहगड रोड ते हिंजवडी फेज ३ जाऊन-येऊन ४६ किमी, महिन्याला २२ दिवस, त्यातला बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच जातो. शिवाय महिन्यातून एकदा कोल्हापूर, जाऊन-येऊन ४७०. म्हणजे महिना दीड हजार किमी धरा. सोसायटीत स्वतःचं पार्किंग आहे, मीटर रूमपासून साधारण ४० मीटरवर. घरचा वीजवापर २५० युनिट.

प्रश्न दोन. हिशेबात काय बसतं? आणि वीज कोळशाचीच असेल, तर इलेक्ट्रिक घेऊन हवेचं नक्की काय भलं होतं? दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड वाचून झालेत. आता आकडे हवेत.

नटबोल्ट:
डिझेल यादीतून काढून टाका. मायलेज वाईट म्हणून नव्हे, तुमचा रस्ता चुकीचा आहे म्हणून. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो, यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी १५-२० मिनिटं सलग, ६० च्या वर, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास चालायला हवं. वाकड ते फेज ३ या पट्ट्यात ते होत नाही. रीजनरेशन अर्ध्यावर तुटतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल 'वाढलेलं' दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय. पुढे लिंप मोड (गाडी मुद्दाम कमी ताकदीवर चालते), मग सर्व्हिस सेंटरला फोर्स्ड रीजनरेशन, आणि तेही जमलं नाही तर जाळीच बदलायची. 'डीपीएफ काढून देतो' म्हणणारे गॅरेजवाले भेटतील, पण तसं करणं बेकायदा आहे आणि वॉरंटीही जाते. ज्या मॉडेलला अ‍ॅडब्लू (धूर साफ करणारं युरियाचं द्रावण) लागतं तिथे ते संपल्यावर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरूच होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

डिझेल घ्यावं ते महिना अडीच हजाराच्या वर आणि तेही हायवेवर असेल तर. महाराष्ट्रात रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे (दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ च्या जागी १४).

पेट्रोलचं गणित सोपं आहे. ट्रॅफिकमध्ये १२-१३, हायवेला १८, सरासरी १५ धरा. १०४ रुपये लिटरने किमीला सात रुपये. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे उष्मांक सहा-सात टक्के कमी होतो, तेवढं मायलेज उतरेल. कंपनीने तुमचं मॉडेल ई-२० साठी मान्य केलंय का, हे मॅन्युअलमध्ये बघा. सीएनजीचा विचार केलात का? डिकी जाते, पण हिशेब बरा बसतो.

फेज-न्यूट्रल:
इलेक्ट्रिकचा निर्णय गाडीवर नाही, तुमच्या पार्किंगमधल्या सॉकेटवर ठरतो. ते नसेल तर घेऊ नका, इतकं सरळ.

आता तुमच्यापुरतं. भिंतीवरच्या सॉकेटपासून मोजलं तर अशी गाडी किमीला साधारण ०.१५ युनिट खाते (चार्जरमधली गळती धरून). ४६ किमी म्हणजे रोज सात युनिट. सोबत येणाऱ्या १५ अँपियरच्या पोर्टेबल चार्जरने हे अडीच तासांत भरतं. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर) बहुतेक लोक हौसेने लावतात. त्याला ३२ अँपियर लागतात, मंजूर भार वाढवावा लागतो, बऱ्याचदा थ्री फेज घ्यावं लागतं. तुम्हाला गरज नाही.

पण १५ अँपियरचं काम नीट करा:
- मीटर रूमपासून स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची. २.५ ची टाकू नका, तासन् तास सलग भार असतो. (पुढे कधी ७.२ लावणारच असाल तर ४० मीटरला ६ एमएमवर नऊ व्होल्टच्या आसपास ड्रॉप येतो, म्हणून १० एमएम.)
- घरातलं पांढरं सॉकेट नको. निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा. साध्या सॉकेटच्या पाकळ्या सैल होतात, तापतात आणि प्लग वितळतो. यातून आगही लागू शकते.
- ३० मिलिअँपियरचा टाइप-ए आरसीबीओ (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). टाइप-एसी स्वस्त मिळतो, तो चालत नाही.
- अर्थिंग. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर काही चार्जर सुरूच होत नाहीत. जुन्या सोसायट्यांमध्ये अर्थ पिट कोरडा पडलेला असतो. आधी तो तपासून घ्या.

बिलाचं बघा: ४६ × २२ × ०.१५ म्हणजे महिना १५२ युनिट. तुमचे २५० धरून ४०२. म्हणजे ३०१ ते ५०० च्या महागड्या टप्प्यात शिरलात. गाडीसाठी महावितरणकडून वेगळं चार्जिंग कनेक्शन मागा, टप्प्यांची भानगडच राहत नाही. १२ रुपये युनिट धरलं तरी किमीला १.८० रुपये. हायवेच्या फास्ट चार्जरवर वीस रुपये धरा, तिथे तीन रुपये.

हवापालट:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आकडे गोल केलेत, ढोबळ चित्र बदलणार नाही.

लिटरभर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला २.६८. १५ च्या मायलेजला पेट्रोल १५३ ग्रॅम प्रति किमी. तेल काढणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं याचे वीस टक्के मिळवून १८५. डिझेल १९ च्या मायलेजला असंच १७०. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ७३० ग्रॅम सुटतात. तारांमधली गळती धरून इलेक्ट्रिक गाडी १२८ च्या आसपास. म्हणजे शून्य अजिबात नाही, पण पेट्रोलपेक्षा ५७ ग्रॅमने कमी.

आता बॅटरी. ती बनवताना किलोवॅट-तासामागे ७५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो असं धरलं तर ४५ च्या पॅकला ३.४ टन. ५७ ग्रॅमच्या वेगाने हे कर्ज फिटायला ६०,००० किमी लागतात. तुमच्या वापरात तीन वर्षं चार महिने. डिझेलशी तुलना केली तर ८०,००० च्या पुढे. वर्षाला पाच हजार किमी चालणारी गाडी असेल तर फेडता फेडता बारा वर्षं जातील. त्या माणसाने पर्यावरणाच्या नावाखाली इलेक्ट्रिक घेऊ नये, जुनी पेट्रोल गाडीच नीट वापरावी. छतावरच्या सोलरवर दुपारी चार्ज केलं तर हेच कर्ज वीसेक हजार किमीत फिटतं, पण तुमची गाडी दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असणार.

धुराचं वेगळं आहे. हिंजवडीतला नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी खरोखर कमी होते. मात्र राख आणि गंधक चंद्रपूर, कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांकडे जातं. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, तिथल्या लोकांना विचारा 'स्वच्छ गाडी' म्हणजे काय. टायरची धूळही इलेक्ट्रिकमध्ये कमी नसते, गाडी दोन-तीनशे किलो जड असते. ब्रेक पॅडची तेवढी वाचते.

नटबोल्ट:
५७ ग्रॅम हा आकडा १५ च्या मायलेजवर उभा आहे. पेट्रोलची स्ट्राँग हायब्रिड (इंजिनासोबत विजेची मोटर असलेली) शहरात २३-२४ देते, मग किमीला १२० च्या आसपास येतात, तेही बॅटरीच्या कर्जाशिवाय. अर्थात १६ लाखांत ती जेमतेम बसेल.

हवापालट:
मान्य. फक्त ग्रिड दरवर्षी थोडं सुधारतं, इंजिन नाही. २०३५ मध्ये तीच इलेक्ट्रिक गाडी आजच्यापेक्षा कमी सोडेल.

रस्तेभर:
आभार. कोल्हापूरला ४५ च्या बॅटरीत जमेल का? आणि दिवाळीत महिनाभर गाडी उभी राहते, तेव्हा?

फेज-न्यूट्रल:
जाहिरातीतल्या रेंजच्या ६५-७० टक्के धरा. १०० च्या वेगाला १०० किमीला १६ युनिट जातात. दहा टक्के राखून २५० किमी होतात, कोल्हापूर २३५. कागदावर जमतं, पण असं जाऊ नका. साताऱ्याला किंवा कराडला थांबा. २० ते ८० टक्के म्हणजे २७ युनिट, ६० किलोवॅटच्या चार्जरवर ३५-४० मिनिटं. मात्र एकाच मशीनला दोन गन (चार्जिंगचे प्लग) असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर वीज वाटली जाते, तेव्हा तास धरा. अ‍ॅपवर 'उपलब्ध' दिसलं तरी पुढचं एक ठिकाण हेरून ठेवा.

घाटाचं लोक उगाच घाबरतात. खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटर चढायला १,८०० किलोच्या गाडीला पावणेतीन युनिट जास्तीचे लागतात, उतरताना निम्म्याच्या वर परत येतात. फक्त महाबळेश्वरला रात्री १०० टक्के भरून सकाळी पसरणी घाट उतरू नका. भरलेली बॅटरी रीजन (वेग कमी करताना मोटरकडून परत येणारी वीज) घेत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ८५ ला थांबवा.

महिनाभर उभी ठेवायची तर ५०-६० टक्क्यांवर, चार्जरला न लावता. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर परतल्यावर एकदा १०० पर्यंत भरा, टक्केवारीचा अंदाज पुन्हा जागेवर येतो. खरा धोका १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा आहे. ती उतरली की मोठी ८० टक्के भरलेली असूनही गाडी उठत नाही, कधी दारही उघडत नाही. चावीतली धातूची किल्ली सोबत ठेवा आणि १२ व्होल्टची बॅटरी कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्या.