अरिथा फ्रँकलिनची कोलंबियातली सहा वर्षं खरंच वाया गेली का?

काळी_पाच

अमेरिकन सोल गायिका अरिथा फ्रँकलिनची गोष्ट सगळीकडे एकाच साच्यात सांगितली जाते. १९६० मध्ये अठरा वर्षांची मुलगी डेट्रॉइटच्या चर्चमधून न्यू यॉर्कला आली. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या जॉन हॅमंडने तिला करारात घेतलं, कंपनीने तिच्या गळ्यात ब्रॉडवे छापाची गाणी आणि व्हायोलिनांचा ताफा अडकवला, आणि सहा वर्षं मातीत गेली. १९६६च्या अखेरीस करार संपला. अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला अलाबामातल्या मसल शोल्सला नेलं आणि तिथे एका दिवसात चमत्कार झाला.

मला हे पटत नाही. कोलंबियात ती वाईट गायली नाही, आणि व्हायोलिनंही दोषी नव्हेत. चूक एकच झाली: तिला हळूहळू पियानोवरून उठवून नुसतं माइकसमोर उभं केलं.

स्वतः साथ करत गाणाऱ्याच्या हातात काय असतं ते बघा. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कधी बदलायची ते डावा हात ठरवतो. ओळ दोन मात्रा लांबवावीशी वाटली तर तो हात थांबतो, आणि ड्रमर आणि बासवाला त्या हाताकडे बघत थांबतात. गळा श्वास घेतो तेवढ्या फटीत उजवा हात उत्तर देऊन जातो. पेटी स्वतःपुढे ओढून गाणाऱ्यांना हे सांगायला नको. नोटेशन समोर ठेवून वीस-पंचवीस वादक बसले की मात्र नवव्या बारला (मात्रांच्या नवव्या गटाला) सगळे पुढे जाणार म्हणजे जाणार. गायिकेला तिथे वेळेवर पोचावंच लागतं. कोलंबियाच्या तबकड्यांवर अरिथा पोचते, देखणी पोचते, पण तिला थांबायची मुभा नाही हे ऐकू येतं.

आता २४ जानेवारी १९६७, मसल शोल्सचा फेम स्टुडिओ. गाणं रॉनी शॅननचं, 'आय नेव्हर लव्हड अ मॅन'. तीन-तीनच्या वजनाची संथ चाल, कागदावर काही नाही, वादकांना धागा सापडेना. पियानोसाठी स्पूनर ओल्डहमला बोलावलं होतं. त्याने मोठा पियानो अरिथासाठी सोडला आणि तो वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानोवर जाऊन बसला. तिथे त्याच्या हाताला ती डुलणारी सुरावट लागली आणि गाणं उभं राहिलं. तबकडीवर सुरुवातीला ऐकू येतो तो त्याचा वुर्लित्झर, गाण्याच्या पोटात आहे तो तिचा पियानो. माझ्या मते मसल शोल्सचं सगळं रहस्य या जागांच्या अदलाबदलीत आहे.

जमाखर्च

गोष्ट साचेबद्ध असेल, पण खोटी नाही. आकडे बघा. सहा वर्षांत कोलंबियाने तिला अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, म्हणजे पॉप यादीत पहिल्या चाळिसात एकदाच नेलं, १९६१ मध्ये, ३७व्या क्रमांकावर. अटलांटिकवरचं पहिलंच गाणं पॉप यादीत नववं आणि रिदम-अँड-ब्लूजच्या यादीत पहिलं. त्यानंतरचं 'रिस्पेक्ट' जून १९६७ मध्ये पॉप यादीत दोन आठवडे पहिलं, दुसऱ्या यादीत आठ आठवडे. गळा तोच, माणूस तोच, मध्ये काही महिन्यांचं अंतर. अठरा ते चोवीस ही गायिकेची सोन्यासारखी वर्षं आणि त्यांचा हिशेब एक सदतिसावा क्रमांक, तर त्याला वाया जाणं नाही तर काय म्हणायचं?

आणि हे का झालं त्याचं कारण सेशनच्या घड्याळात आहे. वादकांच्या युनियनच्या नियमाने एक सेशन तीन तासांचं आणि त्यातून जास्तीत जास्त १५ मिनिटांचं संगीत घ्यायचं. तीस वादक बसवले की मिनिटामिनिटाला पैसे जळतात, म्हणून सगळं आधी लिहून आणावं लागतं. दुपारी तीन-चार गाणी उरकली की घरी. गाण्याचा ठेका शोधायला दीड तास घालवणं तिथे परवडतच नाही. हा खर्च पुन्हा कलाकाराच्या रॉयल्टीच्या खात्यावर पडतो. म्हणजे जितकी व्हायोलिनं जास्त, तितकं देणं जास्त. यात पियानोचा संबंध कुठे आला?

शिवाय १९६१च्या पहिल्या अल्बमवर, रे ब्रायंटच्या संचाबरोबर, काही गाण्यांत पियानो तिचाच आहे. 'वोन्ट बी लाँग' ऐका. पियानो होता, तरी पॉपचं दार उघडलं नाही. तुमचा सिद्धांत तिथेच अडतो.

ठेका

जमाखर्च यांच्याशी सहमत. पियानोने नव्हे, ड्रम आणि बासने फरक पडला.

रे ब्रायंटचे वादक जॅझचे. सिंबलवर (झांजेवर) सलग चालणारा झुलता स्विंग, बास प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकत फिरतो. त्यावर कोणीही गायलं तरी गाणं तरंगतं, जमिनीला लागत नाही. मसल शोल्सचा रॉजर हॉकिन्स दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मारतो आणि बाकी जवळजवळ काही करत नाही. टॉमी कॉगबिलचा बास किक ड्रमला (पायाने वाजवायच्या ड्रमला) चिकटून असतो, आणि मध्ये मुद्दाम रिकामी जागा सोडतो. जिमी जॉन्सनची गिटार स्नेअरच्या बरोबरीने तुटक वाजते. या तिघांनी मिळून एवढी मोकळी जमीन तयार केली की गाणाऱ्याने काहीही करावं.

पुरावा हवा तर त्या दिवसाचं पुढे काय झालं ते आठवा. फेममध्ये आठवडाभर काम ठरलं होतं. पहिल्याच दिवशी अरिथाचा नवरा टेड व्हाइट आणि ब्रास (फुंकवाद्यांच्या) ताफ्यातला एक वादक यांची बाचाबाची झाली. रात्री स्टुडिओचा मालक रिक हॉल समजूत घालायला हॉटेलवर गेला आणि मारामारीपर्यंत गेलं. सकाळी सगळं बंद. वेक्सलरच्या हातात एक पुरं गाणं आणि एक अर्धं. तेव्हा त्याने काय केलं? न्यू यॉर्कमध्ये उत्तमोत्तम वादक हाकेच्या अंतरावर होते, तरी त्याने याच पोरांना दक्षिणेतून न्यू यॉर्कला आणवलं. १४ फेब्रुवारीला 'रिस्पेक्ट' झालं ते हॉकिन्स, कॉगबिल, जॉन्सन आणि ओल्डहम यांच्यासह. जागा बदलली, पियानो बदलला, ठेका तोच ठेवला.

काळी_पाच

ठेका, त्या अर्ध्या गाण्यावरच थांबू या. तुमचा पुरावा माझ्या बाजूने बोलतो.

ते अर्धं गाणं म्हणजे 'डू राइट वुमन'. चिप्स मोमन आणि डॅन पेन यांचं. फेममधून निघालेल्या टेपवर फक्त मूळ ठेका होता, आणि रस्ता दाखवायला पेनचा आवाज. वादक तुम्ही म्हणता तेच, जमीन तुम्ही म्हणता तीच. पण ती टेप वेक्सलरला बाजारात आणता येईना. पहिल्या गाण्याच्या चाचणी-तबकड्या त्याने रेडिओवाल्यांना वाटून टाकल्या होत्या, मागणी सुरू झाली होती, आणि तबकडीच्या मागच्या बाजूला लावायला गाणंच नाही. न्यू यॉर्कमध्ये अरिथा बसली, तिने त्याच टेपवर पियानो वाजवला, ऑर्गनही स्वतःच वाजवला, मुख्य आवाज दिला, बहिणींबरोबर मागचे आवाज भरले. झालं गाणं. ठेका पहिल्यापासून हजर होता, वाट तिची बघत होते.

'रिस्पेक्ट'चंही तेच. मूळ गाणं गायक ओटिस रेडिंगचं, १९६५चं: पुरुष घरी येतो आणि मान मागतो. अरिथाने आणि तिची बहीण कॅरोलिनने ते आतून उसवलं. आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी अक्षरं मोजून मागणी करणं ओटिसकडे नाही. बहिणींचं मागचं 'सॉक इट टू मी' नाही. मधला सॅक्सोफोनचा तुकडाही नाही. तो किंग कर्टिसचा तुकडा कान देऊन ऐका. गाणं सी पट्टीत चाललंय आणि तो तुकडा एकदम एफ शार्प मायनर आणि बी सेव्हन या कॉर्डवर जातो, म्हणजे घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं. त्या कॉर्ड सॅम अँड डेव्ह या गायक-जोडीच्या एका गाण्यातून उचलल्या. शेवटी अर्धा स्वर चढून जी सेव्हनवर येतात आणि गाणं परत घरी. हे सगळं पियानोवर हात ठेवून घडवलेलं काम आहे.

रेकॉर्डप्रेमी

दोन्ही बाजू कोलंबियाच्या तबकड्या न ऐकता भांडताहेत असं होऊ नये म्हणून एकच सांगते. १९६३चं 'स्कायलार्क' ऐका, मांडणी रॉबर्ट मर्सीची. भरपूर व्हायोलिनं आहेत, पियानोवर ती नाही. पुन्हा त्याच शब्दावर येताना ती सरळ वरच्या सप्तकात उडी मारते, तयारीचा एक स्वरही न घेता, आणि तिथे आवाज पातळ होत नाही. असं गाणं असलेली वर्षं कोणी वाया म्हणत असेल तर फक्त हिशेबाच्या वहीत. पुढच्या वर्षीचा, गायिका डायना वॉशिंग्टनच्या स्मरणार्थ केलेला अल्बमही काढा.

टाळकरी

मला पियानो आणि ठेका, दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. तिचं गाणं समोरच्या माणसांवर उभं आहे.

डेट्रॉइटचं न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च, तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन तिथले धर्मोपदेशक. त्यांची प्रवचनं तबकड्यांवर विकली जायची. प्रवचन बोलण्यातून गाण्यात कधी शिरलं हे कळत नसे, आणि प्रत्येक वाक्याला समोरून होकार यायचा. १९५६ मध्ये चौदा वर्षांच्या अरिथाचं ध्वनिमुद्रण याच चर्चमध्ये झालं. कीर्तनात बुवा ओळ सोडतो आणि टाळकरी ती उचलतात, तसंच हे. ओळ उचलणारं कोणी नसेल तर सोडणाऱ्याला बळ येत नाही. कोलंबियात उचलणारं कोणी नव्हतं. अटलांटिकवर एर्मा आणि कॅरोलिन या सख्ख्या बहिणी होत्या, लहानपणापासून एकाच बाकावरच्या.

पियानो-सिद्धांत खोडायला १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री पुरेशा आहेत. लॉस एंजेलिसचं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर हा समूहगायकांचा संच, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बासवर चक रेनी. 'अमेझिंग ग्रेस' जवळजवळ अकरा मिनिटं चालतं, त्यात ठेका जवळपास नाहीच. एकेका अक्षरावर ती इतकी थांबते की ओळ संपेल की नाही कळत नाही. कॉयर नुसता हुंकार धरून उभा. आणि पियानोवर ती नाही, गॉस्पेल (चर्चसंगीत) गाणारा जेम्स क्लीव्हलंड. चित्रणात तो चेहरा झाकून रडताना दिसतो. (हे चित्रण दिग्दर्शक सिडनी पोलॅकच्या पथकाने केलं, पण क्लॅपरच मारला नाही. त्यामुळे ओठ आणि आवाज जुळवायला खूण उरली नाही आणि पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं. त्याच वर्षी १६ ऑगस्टला ती गेली.)

तिचं सर्वांत थोर गाणं दुसऱ्याच्या पियानोवर झालं, मग तुमचं काय उरलं?

काळी_पाच

उरलं ते असं, की क्लीव्हलंड 'दुसरा' नव्हे. तिच्या लहानपणी तो न्यू बेथेलमध्ये संगीत सांभाळायचा. पियानोवरच्या कॉर्ड ती त्याचं बघून शिकली. त्याचा डावा हात कुठे थांबणार हे तिला माहीत होतं, कारण तिचा तिथेच थांबायचा. आणि त्याच दोन रात्रींत 'होली होली' आणि 'नेव्हर ग्रो ओल्ड' तिने स्वतः पियानोवर बसून गायलंय. 'नेव्हर ग्रो ओल्ड'मध्ये हात आणि गळा यांच्यात कोण पुढे आहे हे सांगता येत नाही.

बहिणींचा मुद्दा मात्र मान्य. तो मी सुरुवातीलाच मांडायला हवा होता.

जमाखर्च

मग पुढचंही बघा. १९८० पासून ती अरिस्टा या रेकॉर्ड कंपनीवर. १९८५चं 'फ्रीवे ऑफ लव्ह' सिंथेसायझरवर उभं आहे आणि पॉप यादीत तिसरं आलं. अमेरिकेच्या पॉप यादीत तिची पहिल्या क्रमांकाची गाणी दोनच. एक 'रिस्पेक्ट', दुसरं १९८७ मधलं, जॉर्ज मायकलबरोबरचं, ज्यात तिच्या पियानोचा पत्ता नाही. १९९८च्या ग्रॅमी सोहळ्यात ऑपेरा गायक पावारोत्ती आजारी पडला, तेव्हा ऐनवेळी ती त्याच्यासाठी बांधलेल्या पट्टीत, पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर 'नेसुन दोर्मा' हे ऑपेरातलं गाणं गायली. लिहिलेली मांडणी, स्वतःचं वाद्य नाही, आणि सभागृह उभं राहिलं. लिहिलेलं संगीत तिला बांधून टाकत होतं हे म्हणणं इथे टिकत नाही. कोलंबियाकडे गाणं निवडायची नजर नव्हती, इतकंच.

काळी_पाच

'नेसुन दोर्मा' तिने दोनच दिवस आधी दुसऱ्या कार्यक्रमात गायलं होतं, ते तयार होतं. आणि यादीतला क्रमांक हा माझा प्रश्नच नव्हता. १९८५च्या गाण्यात ती मजेत गाते. १९६७ मध्ये गाणंच तिच्या हाताने वळतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

ठेका

काळी_पाच, 'डू राइट वुमन'चा मुद्दा मला खोडता आला नाही, तो तुमचा. पण एक करून बघा. १९६४ मध्ये स्टीव्ह अ‍ॅलनच्या दूरदर्शन कार्यक्रमात ती पियानोवर बसून 'वोन्ट बी लाँग' गायली, त्याचं चित्रण आहे. ते आधी ऐका आणि लगेच पहिल्या अल्बमवरचं. दोन्हींत पियानो तिचाच. मग फक्त ड्रमरकडे लक्ष द्या, ओळीच्या शेवटी तो तिच्यासाठी थांबतो की तिला ढकलतो, आणि इथे येऊन लिहा.