शब्दचर्चा: कोअर, इंटरसेप्ट, रिकव्हरी… खनिजशोधाच्या ड्रिलिंगमधले शब्द

शब्दखोर:
निकेल, तांबं आणि सोनं शोधण्यासाठी केलेल्या ड्रिलिंगच्या अहवालाचा मराठी गोषवारा करायचा आहे. वाचक भूविज्ञानाचे नाहीत, पण शब्द ढिले नकोत. अडलेल्या जागा अशा:

'इंटरसेप्ट: २१२ मीटरपासून १२ मीटर, १.४ टक्के निकेल.' 'त्यात ३ मीटर मॅसिव्ह सल्फाइड.' एका तक्त्यात 'रिकव्हरी ९६ टक्के', तर शेवटच्या प्रकरणात 'रिकव्हरी ८२ टक्के', आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत म्हणे. 'कोअर ब्लॉक' हा एका ठिकाणी लाकडी ठोकळा वाटतो, दुसरीकडे बिघाड. शिवाय ड्रिलिंगला विंधण म्हणावं, वेधन म्हणावं, की आहे तसंच ठेवावं?

कातळवेडा:
विंधण चालेल. वेधन वाचलं की लोकांना वेधशाळा आठवते. मात्र विंधण विहिरीमुळे एक गैरसमज सोबत येतो, तो सुरुवातीलाच काढून टाका. विहिरीला भोक हवं असतं आणि दगडाचा भुगा टाकून देतात. इथे भोकाशी फारसं कुणाला देणंघेणं नाही, आतला दगड हवा असतो. म्हणून बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, बांगडीसारखं मधून पोकळ असतं. कडेचा खडक घासला जातो, मधला दंडगोल शाबूत राहून नळीत शिरतो. तोच कोअर, म्हणजे गाभा. 'गाभ्याची पेटी', 'अर्धा गाभा' ही रूपं सहज होतात, त्यामुळे गाभा घ्या.

'डायमंड ड्रिलिंग'चं 'हिऱ्यांचं विंधण' करू नका, लोक हिरे शोधतायत असं वाटेल. 'हिरेजडित बिटनं केलेलं विंधण' एकदा लिहा, पुढे 'गाभा-विंधण' पुरे.

अहवालात एनक्यू, एचक्यू असेल. ती मापं आहेत, तशीच ठेवा. एचक्यूचं भोक ९६ मिमी आणि गाभा ६३.५ मिमी, एनक्यूचं भोक ७५.७ आणि गाभा ४७.६. एकाच भोकात दोन्ही दिसली तर चूक समजू नका. वरचा भुसभुशीत थर एचक्यूनं पार करतात, पुढे खडक ढासळायला लागला किंवा रॉड (बिट फिरवणाऱ्या, एकमेकींना जोडलेल्या पोकळ नळ्या) अडकायला लागले की एचक्यूचे रॉड आतच ठेवून त्यांच्या पोटातून एनक्यू सोडतात.

पाटीपेन्सिल:
रिकव्हरीचं मी सांगते. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे, मराठीत दोन करा.

पहिली गाभ्याची. नळी एका खेपेत जेवढं अंतर खाली जाते त्याला रन म्हणतात, एरवी ३ मीटर, फुटक्या खडकात १.५ किंवा त्याहून कमी. ३ मीटरच्या रनमधून २.८८ मीटर गाभा निघाला तर ९६ टक्के. याला 'गाभाप्राप्ती' म्हणा. दुसरी कारखान्यातली: खनिज दळून, पाण्यात तरंगवून जे सांद्र (कॉन्सन्ट्रेट, धातूचं प्रमाण वाढवलेला भुगा) तयार होतं त्यात मूळ धातूपैकी किती उतरला. तिला 'धातूची वसुली' म्हणा. ८२ टक्के ती असणार.

गाभाप्राप्ती १०० च्या वर दिसली तर घाबरू नका. मागच्या रनचा बुडखा खाली मोडायचा राहतो आणि पुढच्या रनबरोबर वर येतो. एकदा १०४, त्याआधी ९६, असं असेल तर हिशेब जुळतो. सलग तीन-चार रन १०० च्या वर असतील तर रॉड मोजण्यात चूक आहे. रॉडही ३ मीटरचा असल्यामुळे एक रॉड विसरला की त्याखालची सगळी खोली ३ मीटरनं सरकते, आणि मग 'इंटरसेप्ट २१२ पासून' हेच खोटं ठरतं.

कोअर ब्लॉकबद्दल तुमची शंका बरोबर आहे, दोन्ही अर्थ आहेत. प्रत्येक रनच्या शेवटी पेटीत खोली लिहिलेला ठोकळा ठेवतात, तो 'खोलीचा ठोकळा'. दुसरा अर्थ गाभा नळीत अडकणं. फटीवरून तिरका तुटलेला तुकडा पाचरीसारखा आडवा बसतो आणि मागचा गाभा आत शिरत नाही. भोकात सोडलेल्या पाण्याचा दाब चढतो, बिट उतरण्याचा वेग मंदावतो. तेव्हा अर्धा मीटरच झाला असला तरी नळी वर काढायची. तसंच रेटलं तर नवा गाभा बिटच्या तोंडाशी दळला जातो. तुकड्यांची टोकं गोल, गुळगुळीत दिसली की समजायचं, इथे गाभा दळलाय. आणि आधी दळला जातो तो मऊ, चिरडलेला भाग, सोनं पुष्कळदा नेमकं तिथेच असतं. म्हणून ९६ ही सरासरी सांगून भागत नाही, धातू असलेल्या पट्ट्यातली गाभाप्राप्ती वेगळी विचारा.

शब्दखोर:
हे फार उपयोगी. शेजारच्या रकान्यात 'आरक्यूडी' आहे, तीही एक प्राप्तीच का?

पाटीपेन्सिल:
नाही. रनमधल्या १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांच्या लांबीची बेरीज भागिले रनची लांबी. हाताळताना तुटलेले तुकडे जोडून मोजायचे. गाभाप्राप्ती १०० आणि आरक्यूडी २० असू शकते: सगळा दगड आला, पण चुरा होऊन. 'खडकाचा अखंडपणा' म्हणा.

तांबडीमाती:
इंटरसेप्टला कुणी 'छेद' सुचवेल, ते नको. भूविज्ञानात छेद म्हणजे उभा काप दाखवणारा नकाशा. इंटरसेप्ट म्हणजे भोकात लागलेला धातू असलेला पट्टा, म्हणून 'धातुपट्टा' हा शब्द घ्या आणि १२ मीटर ही 'भोकातली लांबी' आहे हे प्रत्येक वेळी लिहा. वाचकांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

भोक धातुपट्ट्याला तिरकं भेदतं, म्हणून भोकातली लांबी पट्ट्याच्या खऱ्या जाडीपेक्षा जवळपास नेहमी जास्त भरते. गाभ्याचा अक्ष आणि पट्ट्याची कड यांमधला कोन ३० अंश असेल तर १२ मीटरची खरी जाडी ६ मीटर, ६० अंश असेल तर १०.४. लांबी गुणिले कोनाची ज्या (साइन), एवढंच गणित आहे. कोन गाभ्याच्या अक्षापासून मोजायचा, जमिनीपासून नाही. भोक पट्ट्याच्या उतारालाच समांतर मारलं तर ४० मीटर 'इंटरसेप्ट' दाखवता येतो आणि पट्टा असतो दोन मीटर जाडीचा.

भोक सरळही राहत नाही. खडकातल्या पदरांना काटकोनात वळण्याकडे त्याचा कल असतो, म्हणून ठरावीक अंतरावर नती (भोकाचा उतार) आणि दिगंश (ते कोणत्या दिशेला जातंय) मोजतात. निकेलच्या भोकांत एक खास अडचण आहे. निकेलच्या सल्फाइडसोबत (सल्फाइड म्हणजे धातू आणि गंधकाचं खनिज) पायरोटाइट हे लोहाचं सल्फाइड असतं, ते बहुधा चुंबकीय असतं, आणि होकायंत्रावर चालणारं साधन त्याच्याजवळ भलताच दिगंश दाखवतं. अशा ठिकाणी गायरो, म्हणजे चुंबकावर न चालणारं दिशामापक साधन, वापरतात. मोजणी कोणत्या साधनानं केली तो रकाना गोषवाऱ्यातून गाळू नका.

कातळवेडा:
'मॅसिव्ह'चं भाषांतर कुणी 'प्रचंड' केलं की अहवालाचा निकालच लागतो. मॅसिव्ह सल्फाइड म्हणजे आकारानं मोठं नव्हे, तर खडक जवळपास सगळाच सल्फाइडचा. २० सेंमीचा पट्टासुद्धा मॅसिव्ह असतो. 'सलग सल्फाइड' म्हणा. त्याच्या खालच्या पायऱ्या: सिलिकेट दाण्यांभोवती सल्फाइडची जाळी असेल तर 'जाळीदार', सुटे ठिपके असतील तर 'विखुरलेलं'. असाच दगा देणारा शब्द 'कंट्री रॉक'. त्याचा देशाशी संबंध नाही, 'भोवतालचा खडक'.

तुमच्या १.४ टक्क्यांकडेही जरा बघा. समजा १२ पैकी ३ मीटर सलग सल्फाइडमध्ये ३.८ टक्के निकेल आहे आणि उरलेल्या ९ मीटरमध्ये ०.६. लांबीनुसार भारित सरासरी १.४ येते. पण सलग सल्फाइड वजनानं खूप जड. त्याची घनता ४.४ आणि बाकीची ३.० धरली तर वजनानुसार तीच सरासरी १.६५ होते. दोन्ही पद्धती वापरात आहेत, अहवालात कोणती हे शोधून लिहा. 'त्यात ३ मीटर…' ही ओळ कधीच गाळू नका. ती गाळली की सगळा धातू बारा मीटरवर सारवल्यासारखा होतो.

तांबडीमाती:
सोन्यात हे सारवणं जास्त बोचतं. १ मीटरमध्ये टनाला ३० ग्रॅम आणि शेजारच्या ९ मीटरमध्ये ०.५ ग्रॅम, तर '१० मीटर, ३.४५ ग्रॅम' असं छापता येतं. गणित चुकलेलं नाही, पण तो एक मीटर काढला तर हाती काही राहत नाही.

'ग्रेड'ला प्रत म्हणू नका. 'उच्च प्रतीचं सोनं' म्हटलं की लोकांना कॅरट आठवतात. 'सोन्याचं प्रमाण, टनाला ३ ग्रॅम' हे स्पष्ट आहे.

पाटीपेन्सिल:
प्रत अगदीच त्याज्य नाही. लोहखनिजाबद्दल 'उच्च प्रतीचं' हे रूढ आहे आणि तिथे खटकत नाही. सोन्यापुरतं मान्य.

निकेलच्या प्रमाणाबद्दल आणखी एक. ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजाच्या स्फटिकातही निकेल असतं, ड्यूनाइटमध्ये (बहुतांश ऑलिव्हीनच्या खडकात) ०.२ ते ०.३ टक्के सहज. चार आम्लांत विरघळवून तपासलं की तेही मोजलं जातं, पण तरंगवण्याच्या प्रक्रियेत ते सांद्रात येत नाही. प्रमाण कमी असेल तेव्हा 'एकूण निकेल' की 'सल्फाइडमधलं निकेल' हे लिहिलंच पाहिजे.

शब्दखोर:
दोन शब्द राहिले. 'बिट ग्लेझ झालं' आणि 'हार्ड मॅट्रिक्स'. कठीण खडकाला कठीण मॅट्रिक्स असं मी लिहून टाकलंय.

कातळवेडा:
उलट करा. या बिटमध्ये हिऱ्याचे बारीक कण धातूच्या मिश्रणात मुरवलेले असतात, ते मिश्रण म्हणजे मॅट्रिक्स. वरचे कण बोथट झाले की मॅट्रिक्स झिजून खालचे ताजे कण उघडे पडावे लागतात. कठीण, बारीक दाण्याच्या खडकाचा भुगा फारसा घासत नाही, म्हणून तिथे मऊ मॅट्रिक्स हवं. फुटका, वाळूसारखा खरवडणारा खडक मॅट्रिक्स भराभर खातो, तिथे कठीण. कठीण खडकात कठीण मॅट्रिक्स लावलं की ते झिजत नाही, तोंड आरशासारखं गुळगुळीत होतं आणि बिट पुढे जाईनासं होतं. हेच ग्लेझ होणं. 'बिट गुळगुळीत झालं' पुरे. उपाय म्हणजे थोडा वेळ फेरे कमी, भार जास्त, पाणी जरा कमी. पाणी बेताबेतानंच कमी करायचं, नाहीतर बिट जळून भोकाच्या तळाला चिकटतं.

तांबडीमाती:
'आरसी' (रिव्हर्स सर्क्युलेशन ड्रिलिंग) हा शब्द आला तर त्याला गाभा-विंधण म्हणू नका. त्यात हातोडा खडक फोडतो आणि चुरा हवेच्या दाबानं दुहेरी नळीच्या आतून वर येतो. १४० मिमीच्या भोकातून दर मीटरला चाळीसेक किलो चुरा निघतो, त्याची वाटणी करून दोन-तीन किलो तपासणीला जातो. भोकात पाणी शिरलं की चुरा ओला होऊन वाटणीयंत्रात चिकटतो आणि वरच्या मीटरचं सोनं खालच्या मीटरमध्ये मिसळतं. म्हणून 'नमुना ओला/कोरडा' हा रकाना महत्त्वाचा.

'सॉल्टिंग' आलं तर मिठाचं काही लिहू नका. 'नमुन्यात बाहेरून सोनं मिसळणं'. गाभा उभा कापून अर्धाच तपासायचा आणि अर्धा पेटीत ठेवायचा, हा नियम पुन्हा तपासता यावं म्हणून आहे. बोर्निओतल्या बुसांगमध्ये ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीनं गाभा अर्धा न ठेवता सगळाच चिरडायला दिला होता. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीनं शेजारी भोकं मारून पाहिली तेव्हा नाव घेण्याजोगं सोनं निघालं नाही.

पाटीपेन्सिल:
'रिसोर्स' आणि 'रिझर्व' या दोन्हींचा 'साठा' करू नका. रिसोर्स म्हणजे जमिनीत असल्याचा अंदाज, तोही अनुमानित, निर्देशित, मोजलेला अशा चढत्या खात्रीचा. रिझर्व म्हणजे त्यातला खर्च, परवाने, खाणकामातली घट धरूनही काढणं परवडेल असा भाग. 'संसाधन' आणि 'खाणयोग्य साठा' असे शब्द वापरा.

आणि टन कशाचे, हे लिहा. २०२० मध्ये सोनभद्रला तीन हजार टन सोनं सापडल्याच्या बातम्या छापून आल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं खुलासा केला तो असा: सुमारे ५२,८०६ टन धातुक (सोनं असलेला खडक), टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे सोनं साधारण १६० किलो.

शब्दखोर:
मग पहिलं वाक्य असं होईल का: 'भोकात २१२ ते २२४ मीटर या खोलीवर १२ मीटरचा धातुपट्टा लागला (भोकातली लांबी, खरी जाडी सुमारे ६ मीटर). निकेलचं सरासरी प्रमाण १.४ टक्के. त्यात ३ मीटर सलग सल्फाइड, निकेल ३.८ टक्के.'

तांबडीमाती:
'या खोलीवर' काढा. भोक तिरकं आहे, २१२ मीटर हे भोकाच्या तोंडापासून भोकातून मोजलेलं अंतर आहे. ६० अंशानं खाली जाणाऱ्या भोकात ते उभ्या खोलीत १८४ मीटरच्या आसपास येतं. 'भोकाच्या तोंडापासून २१२ ते २२४ मीटर' लिहा. '६ मीटर' आणि '३.८ टक्के' हे आम्ही उदाहरणादाखल धरलेले आकडे आहेत, ते तसेच उतरवू नका. खरा कोन आणि त्या ३ मीटरचं खरं प्रमाण अहवालातून घ्या. कोन दिलेलाच नसेल तर 'खरी जाडी निश्चित नाही' एवढंच लिहा.